हौसाबाईची इंग्रजी मालिका

परशुराम निकमला आपल्या आईशी पाच मिनिटं बोलायचं होतं, आणि सोमवारपासून ती पाच मिनिटं काही केल्या मिळत नव्हती. आई परगावी गेली होती म्हणावं तर तसंही नाही. ती त्याच्याच घरात, त्याच्याच पलंगावर, त्याच्याच टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली असायची. फक्त तिच्या आजूबाजूला गोमती निवासातल्या झाडून सगळ्या बायका असायच्या.

बोलायचं होतं ते असं. येत्या रविवारी धाकटा भाऊ तानाजी कल्याणपलीकडच्या मोहन्याहून येणार आणि आईला आपल्याकडे घेऊन जाणार. कायमची. ‘कायमची’ हा शब्द अर्थात कोणी तोंडातून काढला नव्हता, ‘हवापालट’ म्हणायचं असं दोघा भावांत ठरलं होतं. रेयॉनच्या कारखान्याशेजारी कसली आलीय हवा आणि कसला पालट! पण तानाजीला कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर होती, पुढं थोडं अंगण होतं. इथं डोंबिवलीत परशुरामची एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात पोरीची, रतनची, दहावी. रतनला अभ्यासाला कोपरा हवा होता. परशुरामला कारखान्यातून पाळी करून आल्यावर पाठ टेकायला जागा हवी होती. त्याच्या बायकोला, मंजुळाला, काय हवं होतं ते तिनं सांगितलंच नाही. “तुमची आई, तुम्हीच सांगा,” एवढं म्हणून ती मोकळी झाली.

“सांगतो की. त्यात काय मोठंसं!” असं परशुराम रविवारी रात्री म्हणाला होता. सोमवारी तो सांगायला गेला आणि तिथून त्याच्या डोक्याचा ताप सुरू झाला.

या तापाच्या मुळाशी ती डिश होती. आखातातली लढाई टीव्हीवर दिसली म्हणतात, तेव्हापासून जो उठेल तो गच्चीवर डिश लावायला लागला. गोमती निवासावर ती आणली नांदिवलीच्या मधु म्हात्रेनं. जाळीची, हत्ती आंघोळ करील एवढी मोठी, तोंड आभाळाकडं करून बसलेली. लावायच्या आधी मधु निकमांच्या दारात येऊन उभा राहिला.

“काका, टॉपचा मजला तुमचा. बॉक्स तुमच्याकडेच ठेवूया. वायर कमी लागते, पिक्चर एकदम झकास. आणि तुम्हाला कनेक्शन फ्री. लाइफटाइम!”

फुकट म्हटल्यावर परशुरामनं पुढचा विचार केला नाही. तो करायला हवा होता, पण तेव्हा त्याला वाटलं की घरबसल्या हाँगकाँगहून येणारे चॅनेल दिसणार म्हणजे केवढी चैन.

बॉक्स म्हणजे रिसिव्हर. डिशची तार त्यात यायची आणि त्यातून खाली इमारतभर जायची. बॉक्स एकच, त्यामुळं एका वेळी चॅनेलही एकच. निकमांच्या घरी जे लागेल तेच तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी बघायचं. मधु दिवसभर कल्याणपर्यंत वायरी ओढत हिंडायचा, तेव्हा बटण कुणाच्या तरी हाती देणं भाग होतं. परशुराम पाळीला, रतन शाळेत, मंजुळा कामात. उरली हौसाबाई.

“आजी, हे असं फिरवायचं,” मधुनं शिकवलं. “इथं इंग्लिश सिरीयल, इथं मॅच, इथं गाणी. आणि ही टोकाला चायनीज बातमी. ती कोण बघत नाय.”

हौसाबाईनं जन्मात स्टोव्हची पिन सोडली तर दुसरं यंत्र हाताळलं नव्हतं. आता अख्खी इमारत तिच्या दोन बोटांवर फिरायला लागली. खालून पोरं ओरडायची, “आजी, मॅच!” पहिल्या मजल्यावरून निरोप यायचा, “आजींना म्हणावं, जरा गाणी.” हौसाबाईला वाटलं तर ती लावायची, नाही वाटलं तर नाही. दुपारी चारला मात्र कुणाचंच चालायचं नाही. चारला इंग्रजी मालिका.

मालिका कुठल्याशा गोऱ्या हॉटेलवाल्यांची होती. मोठा बंगला, पोहायचा तलाव, आणि सगळी माणसं सकाळी उठल्यापासून नटूनथटून एकमेकांशी भांडायची. हौसाबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं तिचं काही अडलं नाही. महिनाभर तिनं नुसतं बघितलं, कोण कुणाच्या अंगावर ओरडतं, कोण कुणापुढं मान खाली घालतं, आणि मग सगळ्यांची नाती लावून टाकली. सोनेरी केसांची ती थोरली सून. हनुवटीला खड्डा असलेला तिचा दीर. पांढऱ्या केसांची ती सासू, तिला दोन मुलगे. आणि काखेत बॅग मारून जो माणूस दर भांडणात मधोमध येऊन बसायचा, तो मामा.

“मामा नाही आई, वकील आहे तो!” परशुरामनं एकदा न राहवून सांगितलं. तो जुन्या अकरावीपर्यंत शिकला होता आणि कारखान्यातली इंग्रजी पत्रकं वाचत होता.

“आसंल की वकील. वकिलाला काय भाच्या नसत्यात?” हौसाबाई म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी परशुरामकडं असं पाहिलं की जणू त्यालाच काही कळत नव्हतं.

बायकांना हौसाबाईची मालिकाच पसंत होती. पहिल्या मजल्यावरच्या रमाबाई मूळच्या पुण्याच्या, मॅट्रिक झालेल्या, त्यांना इंग्रजी थोडंफार कळायचं. त्यासुद्धा म्हणाल्या, “हौसाबाई सांगतात त्यात निदान काही अर्थ लागतो हो.” आपापल्या घरी तीच मालिका दिसत असताना सगळ्या जिने चढून निकमांकडं यायच्या, कारण खाली नुसतं चित्र दिसायचं, गोष्ट वर मिळायची.

त्यात आणखी एक प्रकार. पडद्यावर गोऱ्यांचं तोंडाला तोंड लागायची वेळ आली की हौसाबाईला ती आधीच कळायची. ती चटकन बटण टोकाला फिरवायची, की सगळ्या इमारतीत चिनी बाई बातम्या द्यायला लागायची. तेवढ्या वेळात पान लावून व्हायचं. मग बटण परत मागे. संध्याकाळी जिन्यात भेटलेली माणसं एकमेकांना विचारायची, “काय, आज चीन किती वेळा आलं?” ते ऐकलं की परशुरामला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर सोमवारी तो पहिली पाळी करून घरी आला, चपला काढायला जागा शोधली, आणि दारातून म्हणाला, “आई, जरा बोलायचं होतं.”

“बोल की,” हौसाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. सगळ्या बायका त्याच्याकडं बघायला लागल्या. आता एवढ्याजणींदेखत ‘तुला मोहन्याला पाठवतोय’ कसं म्हणणार?

“पाणी दे,” तो म्हणाला.

मंगळवारी तेच. संध्याकाळी बायका गेल्या तर हौसाबाई गणपतीच्या देवळात गेली. आल्यावर रतन पुस्तकं पसरून बसलेली, पोरीसमोर विषय काढता येईना. जेवण झालं की म्हातारी भिंतीकडं तोंड करून घोरायला लागायची, आणि पहाटे तो निघायचा तेव्हा ती देवापुढं जप करीत असायची. जपात तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. परशुराम रिकाम्या पोटी चडफडत कारखाना गाठायचा.

“सांगितलंत का?” मंजुळा रोज विचारायची.

“कुठं सांगू? त्या चिनी बाईला सांगू?” तो खेकसायचा.

बुधवारी तो आला तेव्हा पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई कसल्याशा कागदावर सही करत होती आणि वकील तिच्या शेजारी उभा होता. हौसाबाई सांगत होती, “थोरल्या ल्योकाच्या मनात काय हाय ठावं हाय का? म्हातारीला धाकट्याकडं धाडायचं हाय त्येला.”

परशुरामचं पित्तच खवळलं. दिवसभर अॅसिडच्या वासात उभं राहायचं आणि घरी येऊन हे ऐकायचं! “अगं आई, हॉटेल विकतायत ते! हॉटेल! सरळ सरळ म्हणतायत की!”

“तेच की,” हौसाबाई शांतपणे म्हणाली. “समदं इकाय काढलंय त्यांनी. तू जा, च्या ठिवलाय.”

तो स्वयंपाकघरात गेला आणि चहाच्या कपावर राग काढला. आई अडाणी ती अडाणीच राहायची, असं तो मंजुळाला म्हणाला. मंजुळानं त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

शुक्रवार उजाडला. डोंबिवलीतल्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी. आज काय वाटेल ते झालं तरी सांगायचंच, असं ठरवून परशुराम दुपारपर्यंत आईच्या मागं मागं फिरला. सकाळी ती रमाबाईंकडं पापडाचं पीठ मळायला गेली. आली ती झोपली. उठली तोवर कलावती, तळमजल्यावरची, वेलची केळी घेऊन आधीच दारात हजर. त्या कलावतीला स्वतःचं घर नव्हतं का? चार वाजायला आले आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. तानाजी परवा येणार होता. म्हातारीला काही ठाऊक नसताना तो दारात उभा राहून ‘चल आई’ म्हणाला असता तर शोभा झाली असती, आणि ती परशुरामची झाली असती.

त्यानं कपाटातला पाना घेतला आणि गच्ची गाठली.

पंधरा वर्षं व्हॉल्व्ह पिळणाऱ्या माणसाला दोन नट सैल करायला कितीसा वेळ लागणार! त्यानं डिशच्या काठाला धरून एक धक्का दिला. ती कुरकुरत बोटभर सरकली. लगेच खालून, तिन्ही मजल्यांवरून, “ए, गेलं! गेलं!” असा गलका उठला. परशुरामला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. आता बघतील काय? आता जातील आपापल्या घरी.

तो खाली आला. पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या, आणि खर्रर्र आवाज. बायका जागच्या हलल्या नव्हत्या. तो त्यांच्यातून वाट काढत स्वयंपाकघरात गेला. मंजुळा मेथी निवडत बसली होती.

“आता उठतील,” तो हळूच म्हणाला.

बाहेर रमाबाई म्हणत होत्या, “अहो, ऐन वेळेस गेलं! त्या म्हातारीचं पुढे काय होणार, तेच आज कळायचं होतं.”

“जाऊंद्या वो,” हौसाबाईचा आवाज आला. “चित्र गेलं तर गेलं. म्होरं काय हुतंय ते मला म्हाईत हाय.”

“चित्राशिवाय?” कलावतीनं विचारलं.

“रोज बघतीया मी त्यास्नी. घरचीच मानसं झाली ती. ऐका. थोरल्यानं धाकट्याला सांगावा धाडलाय. ऐतवारी धाकटा येनार आन् म्हातारीला घेऊन जानार. हवापालट म्हंत्यात. म्हातारीला कुनी काय बोललं न्हाई. पर एवढ्याशा घरात कुजबूज कुटं जाती? तिला समदं ऐकू आलंय.”

परशुराम पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होता. तो तसाच हातात राहिला.

“एवढंसं कुठे? बंगला आहे की त्यांचा,” रमाबाई म्हणाल्या.

“बाहीरनं दिसतोय बंगला. आत एकच खोली हाय.”

यावर कुणी हसलं नाही. मंजुळाचे हात मेथीवर थांबले होते. परशुरामच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. बाहेर जाऊन ओरडावं असं त्याला वाटलं, पण काय म्हणून ओरडणार? पडद्यावर मुंग्या होत्या. हॉटेल विकतायत असं म्हणायलाही जागा उरली नव्हती.

“आणि तो थोरला? तोंड नाही का त्याला?” कलावतीनं विचारलं. तिचा आवाज जरा जास्तच स्वयंपाकघराकडं वळल्यासारखा त्याला वाटला.

“हाय की. रोज बोलाया येतो. दारात हुबा ऱ्हातो, हिकडं बघतो, तिकडं बघतो, आन् म्हंतो, पानी दे.”

“नालायकच म्हणायचा!”

“न्हाई, न्हाई, तसं न्हाई. पोरगं वाईट न्हाई वो,” हौसाबाई घाईनं म्हणाली. “दमतंय बिचारं. लेकीची धाव्वी हाय. जागा न्हाई.”

“गोऱ्यांच्यातही दहावी असते?”

“समदीकडं आसती.”

मग रमाबाईंनी विचारलं, अगदी हळू, की ती म्हातारी भांडत कशी नाही. हौसाबाईनं पानाला चुना लावला. मुंग्यांचा खर्रर्र तेवढा चालू होता.

“कशापाई भांडायचं? तिनं दोन लुगडी पिशवीत भरून ठिवल्यात. आपुनच आधी तयार ऱ्हायलं म्हंजी पोराला सांगाया जड जात न्हाई. तिकडं बी तिचंच पोरगं हाय, काय वंगाळ व्हनार न्हाई. पर तिला एकच वाटतं बगा. हितं तिच्या हातात बटान हाय. समदी आजी आजी करत्यात, खालनं हाका मारत्यात, माडी चढून येत्यात. तिकडं तिला कोन वळखतंय? तिकडं ती नुसती म्हातारी. जेवान आलं की जेवायचं आन् भिताडाकडं बघत बसायचं.”

परशुरामनं तांब्या खाली ठेवला. त्याची नजर फळीखाली, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेकडं गेली. ट्रंकेवर कापडी पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेली. सकाळपासून तो दहा वेळा तिथून गेला असेल, पण ती त्याला दिसली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मंजुळाकडं बघवेना. तो उठला, बायकांच्या गुडघ्यांवरून, केळ्यांच्या सालींवरून पाय टाकत बाहेर पडला आणि पुन्हा गच्चीवर गेला.

डिश हलवायला एक धक्का पुरला होता. परत आणताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. तो काठ धरून एक रेघभर सरकवायचा आणि कठड्यावरून खाली ओरडायचा, “आलं का?”

“नाही!”

“आता?”

“चीन आलं! चीन!”

“आता?”

“तेही गेलं!”

उन्हानं लोखंड तापलं होतं, हात भाजत होते. त्यानं डिशला शिव्या दिल्या, मधुला दिल्या, हाँगकाँगला दिल्या, तानाजीच्या क्वार्टरला दिल्या आणि मग ज्याला द्यायला हव्या होत्या त्याला, म्हणजे स्वतःला, मनसोक्त दिल्या. खालून एव्हाना उत्तरंही येईनाशी झाली होती.

मागं जिन्याच्या दाराशी धापा ऐकू आल्या. हौसाबाई कठडा धरून एकेक पायरी चढत वर आली होती.

“तू कशाला आलीस वर? गुडघे चांगले आहेत का तुझे?” तो वैतागून म्हणाला.

ती डिशच्या पायाशी असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बोल.”

“काय बोल?”

“सोमवारपास्नं बोलायचं हाय न्हवं तुला? हितं कोन न्हाई. बोल आता.”

आठवडाभर घोकलेली वाक्यं परशुरामच्या तोंडाशी तयार होती. अंगण, मोकळी जागा, हवापालट. त्यानं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“कोण पाठवतंय तुला? आं? कोण पाठवतंय? आणि काय त्या बायकांना वाटेल ते सांगत बसतेस? ती पिशवी आधी सोड! तानाजी आला तर जेवेल आणि एकटा जाईल. नाहीतर मीच जाऊन सांगतो त्याला उद्या. कुठं जायचं नाही तुला, कळलं? कुठं म्हणजे कुठं नाही!”

ओरडून झाल्यावर तो पुन्हा डिशचा काठ धरून उभा राहिला. हौसाबाईनं त्याच्याकडं न बघता डिशच्या जाळीवरून हात फिरवला.

“आन् रतनची धाव्वी?”

“ते माझं मी बघतो. रमाबाईंकडं बसेल अभ्यासाला. तू फक्त चारला त्या बायकांना तिकडं न्यायचं नाही म्हणजे झालं.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पर मी तर सांगून बसले की म्हातारी जाती म्हून. आता उद्या बायास्नी काय सांगू?”

“सांग, गेली नाही म्हणून. पोरगा गाढव होता, ऐन वेळी अक्कल आली त्याला.”

हौसाबाईनं त्याच्यापुढं हात केला. त्यानं तिला धरून उठवलं. गुडघे सरळ होईतो ती त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

“गाढवाचं त्यास्नी सोमवारपास्नंच ठावं हाय,” ती म्हणाली. “अक्कल आली, तेवढं सांगते.”